लिस्बनमध्ये आठ दिवस, आई आणि कोबी-बटाटा

वसईकरीण

नमस्कार मंडळी, जूनमध्ये आईला घेऊन लिस्बनला जाऊन आले, लिहायला मात्र दिवाळी उजाडली. आज निवांत बसलेय तर एका दमात लिहून टाकते, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी ठरत होतं पॅरिस. आईच म्हणाली, "अगं पॅरिसला सगळेच जातात, आपण वसईची माणसं, ज्यांनी आपल्याकडे दोनशे वर्षं ठाण मांडलं त्यांचं घर कसं आहे ते एकदा बघून येऊ." आई ३१ वर्षं शाळेत मराठी शिकवत होती, दरवर्षी मुलांची सहल वसईच्या किल्ल्यात. तिथल्या पडक्या चर्चमध्ये उभं राहून १५३४ ला बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना कशी देऊन टाकली आणि १७३९ ला चिमाजीअप्पांनी ती कशी घेतली हे तिने इतक्या वर्गांना सांगितलंय की तिला त्या गोष्टीचं दुसरं टोक बघायचं होतं. मग काय, तिकिटं काढली.

पहिल्या दिवशी जाणवला तो उजेड. सगळे फुटपाथ मुठीएवढ्या पांढऱ्या चुनखडीच्या दगडांचे, मध्येमध्ये काळ्या दगडांची नक्षी, आणि ऊन वरून येतं तेवढंच पायाखालूनही येतं. रोसियो चौकात तर लाटांची नक्षी आहे, सरळ सपाट जमीन पण चालताना पाय वरखाली पडतोय असं वाटतं. शहर सगळं टेकड्यांवर. आम्ही ग्रासा नावाच्या टेकडीवर चौथ्या मजल्यावर घर घेतलं होतं, लिफ्ट नाही हे घरमालकाने बुकिंगच्या वेळी सांगितलंच नव्हतं, आईच्या गुडघ्यांचं मला फार टेन्शन आलं, पण खिडकी उघडली तर खाली लाल कौलं उतरत उतरत थेट नदीपर्यंत. तेजो नदी तिथे इतकी रुंद आहे की पहिल्यांदा मी समुद्रच समजले. आईने खिडकीतच खुर्ची ओढली आणि म्हणाली राहू इथेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी जवळच्या मंडईत गेलो. एका बाईकडे हाताने फिरवायचं छोटं यंत्र होतं, त्यात ती गर्द हिरव्या मोठ्या पानांची गुंडाळी घालत होती आणि दुसरीकडून केसांसारखा बारीक चिरलेला पाला पडत होता, आपण कोशिंबिरीला चिरतो त्याहून बारीक. आईने खुणेने विचारलं हे काय. ती म्हणाली "कोव". आई म्हणाली "कोबी?" ती हसून मान हलवत परत "कोव, कोव", आणि मग शेजारच्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाली "बटाटा". अगदी असंच, बटाटा. आईने माझा दंड धरला. आपल्या घरातला शब्द आठ हजार किलोमीटरवर एका परक्या बाईच्या तोंडून ऐकल्यावर तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्या पाल्याचं आणि कुस्करलेल्या बटाट्याचं सूप करतात, काल्दो वेर्द म्हणजे हिरवा रस्सा, वरून सॉसेजची एक चकती टाकतात ती आम्ही नको सांगायचो. आठ दिवसांत आईने ते सहा वेळा खाल्लं.

मग सुरूच झालं. सुपरमार्केटात पैसे भरायच्या जागी पाटी, त्यावर "पागार". आई पाटीसमोरच उभी, "बघ, ह्यांच्याकडे हे पैसे देणं, आपल्याकडे पगार म्हणजे पैसे मिळणं, देणाऱ्याचा शब्द घेणाऱ्याने उचलला." तिने वहीच काढली. चावी, बालदी, परात, घमेलं, फीत, पिंप, अलमारी, अननस, काजू. आणि पान उलटून पलीकडे तिने लिहिलं, लिलाव, तुरुंग. मला म्हणाली हे दोन वेगळ्या पानावर असू देत.

बाकीचं प्रतिसादात लिहिते, आता डोळे मिटतायत.

---

पारिजातक

किती सुंदर लिहिलंयस गं. लिलाव आणि तुरुंग वेगळ्या पानावर, हे वाचून थांबलेच मी. काकूंना नमस्कार सांग. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

चहाबाज

वाचनखूण साठवली आहे. आम्ही मे महिन्याचं प्लॅन करतोय, दोन लहान मुलं आणि सासूबाई, सासूबाई पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. जमेल का? आणि त्या पिवळ्या ट्रामचं तिकीट आधी काढावं लागतं का?

---

वसईकरीण

@पारिजातक, सांगते नक्की.

@चहाबाज, शाकाहाराचं अवघड नाही पण विचारून घ्यावं लागतं, सूप हिरवं दिसलं तरी रस्सा मांसाचा असू शकतो. मार्तीम मोनीझ म्हणून एक चौक आहे, तिथे आजूबाजूला भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानंच दुकानं, पीठ, डाळी, कढीपत्ता, हिरव्या मिरच्या सगळं मिळालं. आईने तिसऱ्या दिवशी पिठलं केलं. अजून एक, हॉटेलात बसल्या बसल्या न मागता पाव, ऑलिव्ह, चीज आणून ठेवतात, ते फुकट नसतं, खाल्लं तर बिलात येतं. नको असेल तर हात न लावता परत न्यायला सांगायचं, त्यांना राग येत नाही.

२८ नंबरची ट्राम मार्तीम मोनीझलाच सुरू होते, सकाळी लवकर गेलात तर बसायला मिळेल, कार्ड मेट्रोच्या स्टेशनवर मिळतं आणि तेच सगळीकडे चालतं. डबे १९३० च्या दशकातल्या बांधणीचे, आतून लाकडी, वळणावर घराच्या भिंतीला हात लागेल इतकी जवळून जाते. पण पर्स पुढे धरायची. एका गर्दीच्या ट्राममध्ये आईच्या पिशवीची चेन कुणीतरी उघडली, आत फक्त रुमाल आणि गोळ्यांची डबी होती म्हणून वाचलो, गोळ्या गेल्या असत्या तर पंचाईत होती.

---

गडकोट

लेख छान आहे, मान्य. पण एक बोलल्याशिवाय राहवत नाही. कोबी बटाट्याचं कौतुक ठीक आहे, पण याच लिस्बनच्या राजाच्या नावाने १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, चाललं, ते पूर्ण बंद व्हायला १८१२ उजाडलं. देवळं पाडली, लोक मूर्ती घेऊन रातोरात नदी ओलांडून गेले. तिथे जाऊन आपल्याला हे आठवत नसेल तर काय उपयोग? तुम्ही ते बोटीच्या आकाराचं स्मारक पाहिलं असेलच, त्याच्याबद्दल काय वाटलं ते लिहा.

---

वसईकरीण

गडकोट, विचारलंत ते बरं केलंत, त्याबद्दलच लिहायचं होतं आणि शब्द जुळत नव्हते.

बेलेमला आम्ही चौथ्या दिवशी गेलो. नदीकाठी ते स्मारक, १९६० चं, दगडी गलबताचं टोक आणि त्यावर दोन्ही बाजूंनी चढत जाणारी माणसं, एकूण तेहतीस, सगळ्यात पुढे राजपुत्र हेन्री. आईने नावं शोधून काढली. वास्को द गामा. आफोन्सो द आल्बुकेर्क, ज्याने १५१० ला गोवा घेतला आणि ज्याच्या नावाने आपण हापूस म्हणतो. फ्रान्सिस झेवियर. समोर जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा, कुठे कधी पोचले त्याची सालं. त्यावर शाळेची मुलं उड्या मारत होती. आई नकाशावर चालत चालत आपल्या किनाऱ्यापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. मी फोटो काढायला लागले तर नको म्हणाली. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "यात पोचले ते लिहिलंय. पोचल्यावर काय केलं ते नाही लिहिलं."

पलीकडे जेरोनिमोसच्या मठात वास्को द गामाची कबर आहे. मठ १५०१ साली बांधायला घेतला, दगडात दोरखंड, शिंपले, गाठी कोरल्यात, इतकं नाजूक काम की लाकूड वाटावं. पूर्वेकडून येणाऱ्या मसाल्यांवरच्या करातून त्याला पैसा मिळाला. म्हणजे त्या खांबात थोडी मलबारची मिरी आहे. मला ते सुंदर वाटलं आणि गळ्याशीही आलं, दोन्ही एकदमच झालं, त्यातलं एक खोटं होतं असं मी म्हणू शकत नाही.

आता दुसरं सांगते. रोसियोच्या मागे सांव दोमिंगोस चर्च आहे. १५०६ मध्ये तिथून सुरू झालेल्या दंगलीत लिस्बनच्या ज्यूंची, म्हणजे बळजबरीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची, कत्तल झाली. आज चर्चसमोरच्या चौकात त्यांच्या नावाने एक दगड आहे, २००८ साली बसवलेला, आणि तिथेच भिंतीवर अनेक भाषांत लिहिलंय की लिस्बन हे सहिष्णुतेचं शहर. म्हणजे शहराला चूक मान्य करता येते, त्यांनी स्वतःच्या चौकात ते करून दाखवलंय. म्हणूनच मला नदीकाठच्या त्या स्मारकाचा जास्त त्रास झाला. तिथे शेजारी एक साधा दगड तरी हवा होता, गोव्यासाठी, आणि गुलाम म्हणून जहाजात भरलेल्या आफ्रिकेतल्या लाखो माणसांसाठी.

---

गडकोट

धन्यवाद. मनापासून लिहिलंत. काकूंचं ते वाक्य लक्षात राहील.

---

मांडवीकाठ

मी पणजीचा. आमच्याकडे ही गोष्ट इतकी सरळ नाही म्हणून लिहितो. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे तेव्हाच्या कायद्याने ते पोर्तुगीज नागरिक, आणि १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना, त्यांच्या मुलानातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून नागरिकत्व मिळवता येतं. माझ्या दोन चुलतभावांनी तेच केलं आणि ते इंग्लंडात स्विंडनला गेले, तेव्हा युरोपीय पासपोर्टवर जाता यायचं. आजोबा स्वतः भारताचा झेंडा लागला त्या दिवशी रस्त्यावर नाचले होते, असं आजी सांगते. त्याच घरातले नातू लिस्बनच्या कचेरीत त्यांचा जन्मदाखला घेऊन उभे. कुणाला दोष देऊ? काम नव्हतं इथे.

पोर्तुगालने तर गोवा भारताचा झाला हे १९७४ पर्यंत मान्यच केलं नव्हतं. तिकडे २५ एप्रिलला सैनिकांनी हुकूमशाही उलथवली, बंदुकीच्या नळ्यांत लोकांनी कार्नेशनची फुलं खोवली, आणि मग त्याच वर्षी ३१ डिसेंबरला करार झाला. तेजोवरचा तो लाल झुलता पूल १९६६ ला झाला तेव्हा त्याला हुकूमशहा सालाझारचं नाव होतं, क्रांतीनंतर २५ एप्रिल पूल झाला.

जाता जाता, अंतोनियो कोश्ता २०१५ ते २०२४ पोर्तुगालचे पंतप्रधान होते, त्यांच्या वडिलांकडून मूळ मडगावचं, घरचं लाडाचं नाव बाबूश. आमच्या गल्लीत ते निवडून आले तेव्हा पेढे वाटले होते. आणि तुमच्या काकूंना अजून एक शब्द, खिडकीला पोर्तुगीजमध्ये जानेला, आम्ही कोंकणीत आजही जनेलच म्हणतो.

---

वसईकरीण

आईला वाचून दाखवलं. जनेल वहीत गेला, आणि तुमच्या आजोबांचं ऐकून ती बराच वेळ गप्प होती.

---

सोनचाफा

फोटो कुठायत??

---

वसईकरीण

उद्या टाकते गं. नक्की.

---

नदीपल्याड

मी गेली सात वर्षं इथेच आहे, नदीच्या पलीकडे आल्मादात राहतो आणि रोज बोटीने कामाला येतो, दहा मिनिटांची बोट. लेख आवडला. राहणाऱ्याच्या नजरेतून चार गोष्टी जोडतो.

नदीपल्याड राहतो कारण शहरात भाडं परवडत नाही. आल्फामा या जुन्या वस्तीतल्या ज्या गल्ल्यांचे तुम्ही सगळे फोटो काढता तिथली बरीच घरं आता पाहुण्यांना दिवसावर देतात, जुने भाडेकरू बाहेर फेकले गेलेत. खिडकीत बसलेली म्हातारी दिसली तर समजा ती उरलेल्यांपैकी आहे. याचा अर्थ येऊ नका असा नाही, पण राहायला जमलं तर साधं हॉटेल घ्या, कुणाचं घर अडवू नका.

दुसरं, मार्तीम मोनीझच्या मागच्या गल्ल्यांत जी मुलं पाठीला डब्बा बांधून सायकलवर दिसतात त्यातली खूप आपल्याकडची, नेपाळची, बांगलादेशची. एका खोलीत आठ-आठ जण. कागद होईपर्यंत घरी जाता येत नाही, कुणाची आई गेली तरी नाही. त्यांच्याशी हिंदीत दोन शब्द बोला, फार बरं वाटतं त्यांना. याआधी आलेली भारतीय वस्ती वेगळी, ते गुजराती लोक मोझांबिकमधून १९७५ च्या आसपास आले, लुमियार भागात त्यांचं मोठं राधाकृष्ण मंदिर आहे, @चहाबाज सासूबाईंना तिथे नक्की न्या.

आणि कुठल्याही कोपऱ्यावरच्या कॅफेत काचेच्या कपाटात तिकोनी सामोसा दिसेल, त्याला शामूसा म्हणतात, तो आता इथलाच झालाय. त्यासोबत शा मागा, चहाच मिळेल.

---

वसईकरीण

@नदीपल्याड, घराचं तुम्ही म्हणता ते मनाला लागलं. आमचं ग्रासाचं घर तसंच असणार, मी घेताना याचा विचारच केला नव्हता. पुढच्या वेळी नाही करणार.

तुमची बोट आम्ही घेतली होती, कासील्यासला. पलीकडून शहर बघायला मिळतं आणि परत येताना संध्याकाळी सगळं गुलाबी झालं होतं.

लिस्बनमध्ये ग्लोरिया नावाच्या उतारावर दोराने वरखाली होणारी एक गाडी होती, आम्ही जूनमध्ये दोनदा चढलो तिच्यातून. सप्टेंबरच्या ३ तारखेला बातमी आली की ती घसरून १६ जण गेले. आईने टीव्ही बंद केला आणि देवापुढे दिवा लावला. ती गाडी चालवणारे काका आईला हात देऊन वर घ्यायचे. ते कोण होते, त्या दिवशी होते का, काही कळायला मार्ग नाही.

---

नदीपल्याड

तो आठवडा शहर अगदी शांत होतं. त्या उतारावर अजून लोक फुलं ठेवताना दिसतात.

---

काळीमाती

मी लातूर जिल्ह्यातला. लिस्बनच्या भूकंपाबद्दल थोडं वाचलंय, तिथे त्याच्या काही खुणा दिसतात का? विचारतोय कारण ३० सप्टेंबर १९९३ ला मी आठवीत होतो, किल्लारीपासून आमचं गाव जवळच. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले, पहाटे चारच्या आधी जमीन हलली. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. माझी आत्या त्यात गेली. सणाच्या दिवशी आलेला भूकंप म्हटलं की आत काहीतरी होतं.

---

वसईकरीण

@काळीमाती दादा, वाचून काय लिहावं कळेना, थोडा वेळ गेला.

हो, दिसतात. तिथलाही सणाचाच दिवस होता. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळी साडेनऊच्या सुमारास, सगळं शहर चर्चमध्ये, घरोघर मेणबत्त्या. छपरं लोकांवर पडली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या, लोक मोकळ्या जागेसाठी नदीकाठी पळाले तर नदीतून लाट आली. आग कित्येक दिवस जळत होती. कार्मोचा मठ त्यांनी तसाच ठेवलाय, छप्पर नाही, नुसत्या कमानी उभ्या आणि वर आभाळ, जिथे लोक बसायचे तिथे आता गवत उगवलंय. आम्ही गेलो तेव्हा आत कुणी मोठ्याने बोलत नव्हतं.

टाइल्सच्या म्युझियममध्ये सुमारे तेवीस मीटर लांब निळा पांढरा पट आहे, भूकंपाच्या आधीचं नदीवरून दिसणारं अख्खं शहर, घर न् घर. आईने तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत वाचला, वाचला असंच म्हणेन.

आणि तुम्हाला हे उपयोगी वाटेल, नंतर पोंबाल नावाच्या मंत्र्याने खालचा भाग म्हणजे बायशा सरळ रेषांत नवा बांधला. भिंतीच्या आत लाकडाचा सांगाडा, उभे आडवे तिरपे वासे एकमेकांत अडकवलेले, त्याला ते पिंजरा म्हणतात. जमीन हलली तर दगड गळेल पण सांगाडा वाकून उभा राहील अशी कल्पना. नमुना उभा करून त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून तो तपासला असं तिथे सांगतात. ते सांगाडे आजही त्या घरांच्या भिंतीत आहेत.

---

काळीमाती

आमच्याकडेही माळवद लाकडी खांबांवर असायचं, पण भिंती नुसत्या दगडमातीच्या, खांबांशी बांधलेल्या नसायच्या, आणि वर मातीचं फूटभर ओझं. तिरपे वासे असते तर. असो. धन्यवाद ताई, सविस्तर लिहिलंत. ते छप्पर नसलेलं चर्च बघायला जाईन कधीतरी.

---

पारिजातक

मला अजून एक धागा जोडायचाय. फादर थॉमस स्टीफन्स, मूळचे इंग्रज, १५७९ च्या एप्रिलमध्ये याच लिस्बनच्या धक्क्यावरून जहाजात बसले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरले. सहा महिने समुद्रात. मग इथली भाषा शिकले आणि १६१६ ला त्यांचं क्रिस्तपुराण आलं, हजारो मराठी ओव्या. त्यातली मराठीची स्तुती आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलीय. त्या नदीतून इन्क्विझिशन आलं आणि त्याच नदीतून हा माणूस आला.

---

वसईकरीण

अगं आईने हे शेवटच्या दिवशी सांगितलं मला! नदीच्या पायऱ्यांवर बसलो होतो, त्या मोठ्या पिवळ्या चौकासमोर, पाणी पायऱ्यांपर्यंत येतं तिथे, आणि ती त्या ओव्या म्हणायला लागली, सगळ्या, न अडखळता. ३१ वर्षं शिकवल्यात तिने. शेजारी एक मुलगा गिटार वाजवत होता, तो थांबून ऐकत बसला.

---

नारोशंकर

मी नाशिकचा. आमच्या गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात जी मोठी घंटा आहे ती वसईच्या लढाईतली पोर्तुगीज घंटा. लहानपणी पूर आला की पाणी घंटेला लागलं का हे विचारायचे सगळे. ती तिकडूनच आली म्हणजे, आज पहिल्यांदा त्या घंटेचा असा विचार केला.

---

गेंडामित्र

बेलेमचा टॉवर पाहिलात का? त्यावर गेंडा आहे. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्कला दिलेला गेंडा गोव्याहून जहाजात घालून पाठवला, तो २० मे १५१५ ला लिस्बनला जिवंत पोचला. युरोपात रोमन काळानंतर कुणी गेंडा पाहिला नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस राजाने तो पोपला भेट म्हणून पाठवला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, बिचारा साखळीने बांधलेला होता. तेव्हा टॉवरचं बांधकाम सुरू होतं, एका बुरुजाखाली त्याचं डोकं कोरलंय, आता झिजलंय पण ओळखू येतं. मी २०१९ ला तासभर त्याच्याखाली उभा होतो.

---

वसईकरीण

टॉवर दुरुस्तीसाठी बंद होता हो, लांबूनच पाहिला, गेंड्याचं माहितच नव्हतं. आता पुन्हा जावं लागणार.

---

चहाबाज

लिस्बनजवळचं सिंत्रा गाव करावं का एका दिवसात? आणि जून चांगला की मे?

---

वसईकरीण

सिंत्रा रोसियो स्टेशनवरून ट्रेनने, पाऊण तास, सकाळी पहिल्या गाडीने जा, नंतर फार गर्दी होते. मला स्वतःला लिस्बनमध्येच तो दिवस घालवला असता तर जास्त आवडलं असतं.

मेच्या शेवटी जॅकरंडा फुलतो, जांभळा सडा पडतो सगळीकडे. पण जमलं तर १२ जूनची रात्र सोडू नका. सांतो आंतोनियोचा सण, तो संत लिस्बनमध्येच जन्मलेला, त्याची आदली रात्र. गल्लीगल्लीत पताका, दारासमोर शेगड्या, आणि आपली तारली भाजतात हो, सगळं आल्फामा त्या धुराने भरून जातं. आईला वसईच्या कोळीवाड्याचा वास आला.

दारोदारी छोट्या कुंड्या विकायला असतात, मांजेरिको म्हणतात, बारीक पानांची तुळशीच्या जातीची, चेंडूसारखी गोल कापलेली, त्यात कागदाचं फूल आणि चार ओळींची कविता खोचलेली. आईने कुंडी उचलून नाकाशी नेली तर दारातली म्हातारी धावत आली, "नांव, नांव!" म्हणजे नाही नाही. तिने आईचा हात धरला, पानांवरून अलगद फिरवला, कुरवाळल्यासारखा, आणि तो तळवा आईच्या नाकाशी नेला. नाकाने थेट हुंगलं तर झाड मरतं असं मानतात तिथे. आई म्हणाली आमच्याकडे पण तुळशीला रात्री हात लावत नाहीत. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला, तिला इंग्रजी येत नव्हतं, पण आईने हात जोडून झाडाला नमस्कार केला तेव्हा तिला कळलं असावं, कारण तिनेही क्रॉस केला. पैसे घेईना. कुंडी विमानात आणता येत नव्हती म्हणून निघायच्या दिवशी आम्ही ती घरासमोरच्या बाईंच्या पायरीवर ठेवून आलो.

---

मांडवीकाठ

तारल्यांचं सांगा की जरा. आमच्याकडे रेशाद मसाला भरून तळतात, ते लोक नुसत्या कशा भाजतात?

---

वसईकरीण

आई सांगतेय, मी टाइप करतेय. तारली साफ करायचीच नाही, पोट न फाडता अख्खी. वर फक्त जाडं मीठ, अर्धा-पाऊण तास. कोळसा चांगला लाल झाला की जाळीवर, एका बाजूची साल फुगून डाग पडले की एकदाच उलटायची, सारखी उलटीपालटी केली तर साल जाळीला चिकटते. ताटात पावाची जाड स्लाइस घ्यायची आणि तारली त्यावर ठेवून बोटाने खायची, तिचं सगळं तेल पावात उतरतं. दोन-तीन झाल्या की शेवटी तो पाव खायचा. आई म्हणते पाव मात्र कालचा घ्या, ताजा असला तर फाटतो.